गेटवेहून लाँचची छोटी फेरी: ७६ वर्षांच्या सासूबाईंना नेता येईल का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून पंधरा दिवस वाद चाललाय, म्हणून इथे विचारते.

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या. माहेर निफाड तालुक्यातलं. त्यांचे वडील मुंबईला गोदीत गोणी वाहायचे. सुगीला आणि दिवाळीला घरी यायचे. गोणी ओढायचा त्यांचा लोखंडी आकडा अजून आमच्या घरात आहे. सासूबाई त्याने माळ्यावरचे डबे पुढे ओढतात आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नाही. "एकदा तुला लाँचीत बसवून बोटी दाखवीन," असं वडील म्हणायचे. ते राहिलं ते राहिलंच. पुढे सासूबाई लग्नकार्याला, दवाखान्याला दहा वेळा मुंबईला जाऊन आल्या, पण पाण्यावर कधी नाही.

गेल्या महिन्यात नातवाने त्यांना गंगापूर धरणावर बोटीत बसवलं. उतरल्यावर म्हणाल्या, "बरंय, पण ह्याला पलीकडचा काठ दिसतो." झालं, तेव्हापासून मुंबई डोक्यात बसलीय.

आमचं गणित असं: नाशिकहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जायचं, संध्याकाळच्या पंचवटीने परत. मुक्काम नको, कारण कुणाच्या घरी राहायचं म्हटलं की त्यांना पाहुणचाराचं ओझं होतं. गुडघे दुखतात, पण काठी घेऊन सपाटीवर तासभर चालतात. चढ-उतार आला की अवघड. कधीकाळी पांडवलेणी चढल्या होत्या, आता नाव काढत नाहीत.

मग घारापुरी (एलिफंटाची लेणी) करावी की नुसती अर्ध्या-पाऊण तासाची बंदरातली फेरी पुरे? आणि लाँचमध्ये चढणं-उतरणं म्हाताऱ्या माणसाला कितपत जमतं? आमचे "हे" तर लाँचच्या त्या अपघातापासून सरळ नकोच म्हणतात. प्रत्यक्ष कुणी म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलंय का? "गुगल करा" असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

सीझनपास_२२_वर्षं

ताई, गाडीचं मी सांगतो, बोटीतलं मला काही कळत नाही. पंचवटी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते, साडेदहाच्या मागेपुढे सीएसएमटीला सोडते. परत सव्वासहाला. म्हणजे हातात सात तास, त्यातले येण्याजाण्याचे दोन काढा. रिझर्व्हेशन दोन्हीकडचं आत्ताच करा, परतीचं आधी. सकाळी एक वेळ उभं राहून जाता येतं, संध्याकाळी दमलेल्या म्हातारीला घेऊन नाही. आणि चुकून पासवाल्यांच्या डब्यात चढू नका. आम्ही चांगले लोक आहोत, पण सकाळी सात वाजता चांगुलपणा जरा कमी असतो.

सीएसएमटीहून गेटवेला टॅक्सी करा. अडीच किलोमीटर असेल. बसच्या नादी लागू नका.

शंकेखोर_सातपूर

तुमच्या मिस्टरांचं चूक नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. भर दुपारी, किनारा दिसत असताना. बऱ्याच जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. मी त्या बातम्या पाहिल्यापासून रामकुंडावरसुद्धा बोट दिसली की मागे सरतो. गंगापूर धरण काय वाईट आहे?

करंजा_माहेर

माझं माहेर उरणजवळ करंजा, सासर नाशिकरोड. वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. त्यामुळे ह्या धाग्यावर मी गप्प बसणं शक्य नाही. लांबेल, पण वाचा.

आधी तुमच्या सासूबाईंच्या वाक्याचं. गेटवेवरूनही पलीकडचा काठ दिसतो हो! पलीकडे दिसतात ते उरणचे डोंगर, म्हणजे माझं माहेर. लोकांना वाटतं गेटवेसमोर उघडा अरबी समुद्र आहे. तो आहे मरीन ड्राइव्हच्या बाजूला. गेटवेची बाजू पूर्वेची. एका अंगाला मुंबई आणि दुसऱ्या अंगाला उरण-न्हावा, मध्ये हे बंदर. म्हणून तर इथे पाणी शांत असतं आणि म्हणून तर इंग्रजांनी गोदी ह्याच अंगाला बांधली. थोडक्यात, तुम्ही त्यांना खवळलेल्या समुद्रात नाही नेत आहात.

आता खरा मुद्दा गुडघ्यांचा. लाँच हलते त्याने म्हाताऱ्या माणसाला त्रास होत नाही, त्रास होतो तो पायरीवरून लाँचमध्ये पाय टाकताना. गेटवेला दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. भरती असली की लाँचचा काठ जवळजवळ पायरीला लागतो, एक पाऊल टाकलं की आत. ओहोटीला (आम्ही सुकती म्हणतो) पाणी पायऱ्या सोडून इतकं खाली जातं की शेवाळलेल्या चार-सहा पायऱ्या जास्त उतराव्या लागतात. त्यावरून तरण्याताठ्यांचेही पाय घसरतात. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे दोनेक पुरुष.

तेव्हा तारीख सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. आमच्याकडे पोरांना शाळेत जायच्या आधी हे येतं: तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी, चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती (पहाटेही तशीच). अष्टमीला सहाला, म्हणजे दुपारी बाराला नेमकी सुकती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जरा आधी, प्रतिपदेला पाऊण वाजता. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, भरतीचं छापील कोष्टक मिळालं तर ते बघाच, पण दिवस निवडायला हा हिशोब पुरतो.

तुम्ही साडेअकराला गेटवेला पोचणार. म्हणजे तुमचा दिवस प्रतिपदा किंवा द्वितीया. चढताना पाणी वर, उतरताना पाणी वर. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी, पण दुपारी सुकतीच लागणार. ती सरळ टाळा.

घारापुरी ह्या खेपेला नको. जायला तास, यायला तास, वर १२० च्या आसपास पायऱ्या. डोलीवाले असतात, पण सात तासांत सगळं कोंबाल आणि त्यांच्या लक्षात फक्त घाई राहील. छोटी फेरी करा.

चढताना: बहुतेक वेळा एका लाँचला दुसरी बांधलेली असते. पहिलीत चढून, ती ओलांडून दुसरीत जायचं. मध्ये टायर लटकवलेले असतात, त्यावर पाय ठेवायचा नाही. ते आपटू नये म्हणून असतात, पायरी म्हणून नाही. खलाशी हात पुढे करेल, त्याला पंजा देऊ नका, मनगट द्या. घामेजलेला पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. आणि त्याने "आता" म्हटलं की मगच पाय टाकायचा. लाट लाँचला उचलते तो क्षण त्याला कळतो, आपल्याला नाही. काठी आधी तुमच्याकडे घ्या.

बसायला खालचा डेक, मधोमध. वरच्या डेकचे दहा-वीस रुपये वेगळे घेतात आणि मजा वरच आहे हे खरं, पण वर जायची शिडी उभी असते. अगदी मागे बसलात तर डिझेलचा धूर नाकात. लाँचवर संडासची सोय नसते असंच धरून चाला, गेटवेजवळच उरकून घ्या.

शंकेखोर भाऊंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्या दिवशी आमच्या गावातूनही होड्या धावल्या होत्या. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालंय. पण सक्ती म्हणजे काय, तर हातात देतात आणि लोक मांडीवर ठेवून फोटो काढतात. तुम्ही त्यांना घालून, पट्टे आवळून बसवा, स्वतःही घाला. लाँच गच्च भरलेली वाटली तर पुढची घ्या, कुणी काही बोलत नाही. वारा उन्हाळ्याकडे दुपारनंतर वायव्येकडून धरतो, म्हणून फेरी दोनच्या आत उरका. आणि हे सगळं मेअखेरपर्यंत. पावसाळ्यात जाऊच नका.

निवृत्त_मास्तर

करंजावाल्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे. माझं थोडं सांगतो, सासूबाईंना गाडीत ऐकवायला.

नाशिककरांनी नावेला बिचकणं हे मला आपल्या इतिहासाला धरून वाटत नाही. पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचं लेणं आहे, नहपान लेणं. त्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्याने केलेल्या दानधर्माच्या यादीत नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं लिहिलंय: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. दमण आणि डहाणू तुम्हाला ओळखू येतीलच. त्याच लेखात गोवर्धन आहे, म्हणजे गंगापूररोडच्या पलीकडचं आपलं गोवर्धन, आणि शूर्पारक आहे, म्हणजे नालासोपारा, त्या काळचं मोठं बंदर. साधारण १९०० वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात कुणीतरी नावेची सोय कोरून ठेवली आहे. तिकीट नाही.

दुसरं. "ताज चुकून उलटा बांधला" ही थाप तिथे कुणीतरी मारेलच. ताज १९०३ चं. गेटवे तेव्हा नव्हतं, ते १९२४ ला पुरं झालं. पंचम जॉर्ज १९११ ला ज्या धक्क्यावर उतरला तिथे त्या वेळी ही दगडी कमान उभीच नव्हती. आणि गंमत अशी की इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला ह्याच कमानीखालून गेली. कमान समुद्राकडून येणाऱ्याला दिसावी म्हणून बांधलेली आहे, त्यामुळे ती लाँचमधूनच नीट दिसते. आपण गर्दीत उभे राहून जी बघतो ती तिची पाठ. चौकातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा.

लाँचमधून उत्तरेला नौदलाची गोदी लागते. १७३६ ला लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने तिथे जहाजं बांधली. १८१७ ला बांधलेलं त्यांचं 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. सागवानाचं. तिकडे झूम करून फोटो मात्र काढू नका, उगाच चौकशी होते.

नांदूरमधमेश्वर_वारीकरी

एकच विनंती. हिवाळ्यात लाँचच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचे थवे लागतात, लोक त्यांना गाठ्या आणि वेफर टाकतात. ते कुरव आहेत, हजारो किलोमीटरवरून आलेले. त्यांनी मासे खावेत, तळलेलं बेसन नव्हे. गाठ्यांची पुडी तिथेच विकायला येते. घेऊ नका. आजींना डोक्यावरचा तपकिरी डाग बघायला सांगा, फेब्रुवारी-मार्चकडे तो गडद व्हायला लागतो.

शंकेखोर_सातपूर

मनगटाचं लक्षात ठेवलं. तरी मी गंगापूरच.

गोदाकाठची

जाऊन आलो! माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला. सगळ्यांनी इतकं सांगितलं म्हणून सविस्तर लिहिते.

तिथीचा हिशोब मी सासूबाईंना वाचून दाखवला तेव्हा त्या ताडकन उठून बसल्या. कॅलेंडर काढलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तात्या एकादशीला सकाळी लवकर का जायचे ते आज कळलं." तात्या म्हणजे त्यांचे वडील. कामावर जायच्या वेळा दर आठवड्याला बदलतात असं ते घरी आले की सांगायचे, आणि लहान मुलीला त्याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. जहाजं गोदीच्या दारातून भरतीच्या पाण्यावरच आत-बाहेर करत, त्यामुळे असेल का? करंजावाल्या ताई, तुम्ही सांगा. आमच्या घरात तरी हे उत्तर पक्कं झालंय.

पंचवटी वीस मिनिटं लेट. गेटवेला बारा वाजले. तपासणीच्या रांगेत डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मशीनमधून गेली, त्याचं त्यांना फार हसू आलं. खिडकीवरच्या माणसाला त्यांनी विचारलं, "पाऊणला भरतंय ना पाणी?" तो दोन सेकंद बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, कोळीवाड्यातल्या का?" त्या "निफाडच्या" म्हणाल्या.

पाणी खरंच वर होतं. दोन पायऱ्या उतरलो असू फक्त. पण आमच्या वाट्याला दुसरी लाँच आली, पहिलीतून ओलांडून. इथे माझेच पाय लटपटले. खलाशी पोरगा विशीतला असेल, त्याने पंजा पुढे केला, सासूबाईंनी मनगट दिलं. मी मात्र सवयीने पंजाच दिला आणि ओरडा खाल्ला, सासूबाईंचा.

मग लाँच सुटेचना. माणसं भरेपर्यंत वाट बघत पंचवीस मिनिटं तशीच डुलत उभी. ह्याचा इशारा कुणी दिला नव्हता. फेरीपेक्षा ह्या उभ्या डुलण्यानेच मला मळमळलं. सासूबाई मजेत. जॅकेट लुगड्यावर घालून, पट्टे आवळून, दशमी खात. समोरच्या एका कुटुंबाने जॅकेटं मांडीवर घेतली होती, त्यांना ह्यांनी दटावून घालायला लावली. त्यातल्या आजोबांनीसुद्धा निमूट घातलं.

फेरी चाळीस मिनिटांची झाली. गेटवे समोरून खरंच वेगळं दिसतं, मास्तर. ताज त्याच्यामागे मोठा आणि तरी मागेच. ऊन दक्षिणेकडून होतं त्यामुळे फोटो ठीकठाक आले. नौदलाच्या करड्या बोटी लांबून बघितल्या. पाण्यातली एक लहानशी तटबंदी दिसली, मिडल ग्राउंड म्हणतात ती. कुरव होते, ढीगभर. गाठ्या आम्ही नाही घेतल्या, बाकी सगळ्यांनी घेतल्या होत्या. डोक्याचा डाग दिसला नाही, इतके भरभर फिरत होते.

सासूबाईंचं लक्ष ह्यातल्या कशावरच नव्हतं. त्या खलाशाला सारखं विचारत होत्या, गोदी कुठली, गोदी कुठली. त्याने उत्तरेला बोट केलं, तिथे क्रेनांची टोकं दिसत होती, धुरकट. "तिथे जाता येत नाही आजी, बंद असतं." त्या तेवढ्याकडेच बघत बसल्या. मग पर्समधून काहीतरी काढायला लागल्या आणि मला धस्स झालं, वाटलं तो आकडा आणला की काय, आणि मशीनमधून गेला कसा! रुमाल होता. नाक पुसलं, म्हणाल्या, "डिझेल लागतंय." आम्ही मध्ये बसलो होतो, धूर मागे होता.

वळताना समोर डोंगर आले. "इथंही पलीकडचा काठ दिसतो की," म्हणाल्या. मी सांगितलं, ते उरण, तिथल्याच एका बाईने आपल्याला तिथी सांगितली. तर त्यांनी लाँचमधून उरणला हात हलवला. करंजावाल्या ताई, तुमच्या माहेराला पोचला असेल.

उतरलो तेव्हा दोन वाजायला आले होते, पाणी अजून वरच होतं. साडेपाचपर्यंत सीएसएमटीच्या बाकावर बसून राहिलो, मला वाटलं होतं दमतील, पण त्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत होत्या.

आता पुढचा प्रश्न. परतीच्या गाडीत, कसाऱ्याच्या अलीकडेच, त्यांनी माझ्या मोबाइलवर तिथी काढायला लावल्या. घारापुरी करायची म्हणतात, डोलीने. सोमवारी लेणी बंद असतात हे मी वाचलंय. त्यांचा हिशोब असा की प्रतिपदेला जाऊ नये, कारण परत येईपर्यंत चार-साडेचार होणार आणि गेटवेला पाणी सुकलेलं असणार. चतुर्थीला तीनची भरती, म्हणजे जाताना अर्धं पाणी, येताना वरचं. बरोबर आहे का करंजावाल्या ताई? फक्त ती चतुर्थी संकष्टी निघतेय, त्यांचा उपास. चंद्रोदय होईस्तोवर आपण इगतपुरीला असू, त्या म्हणतात, साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊ, पण पाणी चुकवायचं नाही.